कड्यावरची जागा

ओफेइना बोटीवरून उतरल्यापासून घरात पाऊल टाकायला जागा उरली नव्हती. पडवीत भाच्या आडव्यातिडव्या झोपल्या होत्या, स्वयंपाकघराच्या दाराशी सिडनीहून आलेली खोकी छतापर्यंत रचली होती, आणि अंगणात बांधलेली डुकरं आपल्याला कशासाठी आणलंय हे उमगल्यासारखी कुरकुरत होती. लेसिएलीनं कॅमेऱ्याची पिशवी छातीशी धरली, पोरींच्या हातापायांतून वाट काढली आणि उजाडायच्या आत ती मागच्या दारानं बाहेर पडली.

लग्नाच्या आठवड्यात आत्यानं असं रोज सकाळी नाहीसं व्हावं, हे घरात कुणालाच पटत नव्हतं. त्यातून ती साधीसुधी आत्या नव्हती. धाकट्या भावाच्या, नेतानेच्या पोरांचे पहिले वाढदिवस, एकविसावे वाढदिवस, थोरल्याचं लग्न, सगळ्यांना फाहू म्हणून, म्हणजे मानाची आत्या म्हणून, तीच बसत आली होती. फाहूनं सगळ्यांत उंच, चटयांच्या थरावर बसायचं. पहिली चटई तिच्या पुढ्यात, झाडाच्या सालीच्या कापडाचा पहिला गठ्ठा तिच्या पुढ्यात, डुकराचा मानाचा वाटा तिचा. वास्तविक हा मान थोरल्या बहिणीचा. पण थोरली ओफेइना लग्न करून सिडनीला गेली ती गेलीच. आईवडिलांना मूठमाती द्यायलाही तिला येता आलं नाही. तेव्हा ती जागा आपोआप लेसिएलीकडे आली, आणि इतकी वर्षं राहिली, की ती उसनी आहे हे लेसिएलीही विसरून गेली होती.

आता नेतानेच्या लेकीच्या, लाविनियाच्या लग्नाला ओफेइना आली होती. एक जागा आणि दोन आत्या.

केवड्याच्या बनातून वाट कड्यावर निघायची. टोकाला एक सपाट खडक होता, बसून बसून लेसिएलीच्या ओळखीचा झालेला. तिथून हाताच्या अंतरावर वाटावं अशा कपारीत तावाके पक्षी अंड्यावर बसला होता. पांढराशुभ्र, पिवळ्या चोचीचा, शेपटीची दोन पिसं अंगापेक्षा लांब. एकच अंडं. जोडीतला एक बसतो, दुसरा समुद्रावर जातो. कित्येक दिवसांनी परततो, मग पहिला उठतो. तो उठतानाचा आणि दुसरा बसतानाचा फोटो लेसिएलीला हवा होता. निवृत्तीच्या दिवशी जुन्या विद्यार्थ्यांनी तिला हा कॅमेरा दिला, तेव्हापासून तिनं पुष्कळ फोटो काढले. हा एक मात्र मिळाला नव्हता.

ती बसली आणि लगेच कॅमेरा उचलला नाही. पहिलीच्या वर्गात नवं मूल आलं की ती असंच करायची. आधी नुसतं शेजारी बसायचं. त्याला आपला श्वास ऐकू येऊ द्यायचा. मग कधीतरी ते आपणहून पाटी पुढे करतं. तावाकेनं मान वाकडी करून तिच्याकडे पाहिलं, आणि तूच होय, अशा थाटात डोळे मिटले.

मग तिनं कॅमेरा डोळ्याला लावला. त्या इवल्या चौकटीत खोकी नव्हती, डुकरं नव्हती, कुणाच्या पुढ्यात काय ठेवायचं हा घोळ नव्हता. एक पक्षी, थोडा खडक आणि त्यावर हळूहळू उतरणारं ऊन. खाली लाटा येत होत्या, दूरवर देवमाशाचा फवारा उडून विरत होता. लेसिएलीचे खांदे सैल झाले.

बनाच्या पलीकडे कुणीतरी खोकलं.

पक्ष्यानं डोळे उघडले. "झालं," लेसिएली पुटपुटली. आठवडाभर रोज हे चाललं होतं. जाळं घेऊन उतरणारा कुणीतरी मासेमार असावा. एकदाच खोकायचा आणि मग चिडीचूप.

* * *

त्या दुपारी अंगणात दोऱ्या बांधून चटया ऊन द्यायला टाकल्या होत्या. नव्या चटया पांढुरक्या आणि कडक. जुन्या मधाच्या रंगाच्या, कापडासारख्या मऊ. ओफेइना त्यांच्यामधून हात फिरवत चालली होती आणि एकीपाशी थांबली.

"ही आईची," ती म्हणाली. "हिच्यावर मी निजायचे. आठवतं?"

"तू निजायचीस. मी खाली फरशीवर."

"तू लाथा मारायचीस म्हणून."

दोघी हसल्या.

नेतानेची बायको लुपे मांडीवर सालीचं कापड घेऊन फाटलेल्या जागी खळ लावत होती. तिनं मान वर केली. "वन्सं, उन्हात कशाला उभ्या? मोठ्या वन्सं, तुम्ही तिकडे गादीवर बसा. धाकट्या वन्सं, तुम्ही..." आणि धाकट्या वन्संनी कुठे बसावं हे तिला सांगता आलं नाही.

"मी उभीच बरी," लेसिएली म्हणाली.

"मला लेसिएलीआत्या हवी," लाविनिया दारातून म्हणाली. केसांना खोबरेल चोपडून ती नवरी पायरीवर बसली होती. "लहानपणापासून तीच बसत आलीय. शनिवारी वेगळीच बसली तर मला वाटेल लग्न दुसऱ्याच कुणाचं आहे."

"तुला कुणी विचारलं?" लुपे म्हणाली. "नवरीनं रडायचं असतं आणि गप्प बसायचं असतं. मोठी ती मोठी. त्यात पुन्हा वन्सं किती लांबून आल्यात, किती काय काय आणलंय."

"आई, आत्या खोक्यांवरून ठरते का?"

"तोंड बघा! सासरी जाशील तेव्हा असंच बोलणार आहेस?"

ओफेइनानं ऐकलं न ऐकलंसं केलं आणि आईच्या चटईची घडी उगाच सरळ करत राहिली.

एवढ्यात केपूकाका घाम पुसत आले. घराच्या वतीनं चारचौघांत बोलणारे ते. त्यांच्या आवाजाशिवाय या घरातलं काही सुरूही होत नसे आणि संपतही नसे. ते सावलीत टेकले आणि लेसिएलीला म्हणाले, "बाई, माझं घोडं अडलंय. शनिवारी मला हाक द्यायचीय. एका नावाची. दोन नावं घेतली तर नवऱ्याकडची, हाआपाई बेटावरची माणसं घरी जाऊन नातवंडांना सांगतील, तिकडे डोकी दोन आणि धड एक."

"मग नेतानेला विचारा."

"त्याला विचारू?" काका हसले. "बहिणींमध्ये मोठं कोण हे भावानं सांगायचं? त्यापेक्षा त्याला समुद्रात ढकला, पोहून तरी येईल."

घराच्या कोपऱ्यामागून खोकल्याचा आवाज आला. पोरी सावरून बसल्या, लाविनियानं लुंगी घोट्यापर्यंत ओढली. नेताने आला. एवढा धिप्पाड माणूस, पण बहिणी बसल्या होत्या त्या चटयांच्या कडेशी येऊन थांबला आणि नजर जमिनीवर ठेवून उभा राहिला. मिसरूड फुटलं तेव्हा तो रीतीप्रमाणे पोरांच्या झोपडीत राहायला गेला. त्यानंतर बहिणींसोबत एका छपराखाली तो कधी रेंगाळला नव्हता, त्यांच्यादेखत त्यानं कधी थट्टा केली नव्हती. ते प्रेम नव्हे असं कुणाला वाटलं, तर तो या बेटाचा नव्हे.

"ताई," तो म्हणाला. दोघींना मिळून एकच हाक. "भट्टीसाठी खड्डा कुठे खणायचा? तुम्ही सांगाल तिथे."

"नीरफणसाच्या मागे," लेसिएली म्हणाली.

"बरं."

"आणि फाहू कोण बसणार?" ओफेइनानं विचारलं. सिडनीत राहून तिची जीभ सरळ झाली होती.

लुपेचा हात खळीच्या वाडग्यात थांबला. नेतानेनं पायाच्या अंगठ्यानं माती उकरली.

"ते बहिणींनी ठरवायचं," तो म्हणाला. "मी काय बोलणार?" आणि तो वळून गेला.

तो चुकीचं काही बोलला नव्हता. दुसरं काही बोलला असता तर लेसिएलीलाच लाज वाटली असती. तरीही तिला ते लागलं. आईच्या उशाशी ती बसली होती. वडिलांना तिनं भरवलं होतं. त्याच्या पाचही पोरांना तिनं अक्षरं गिरवायला शिकवली होती. इतक्या वर्षांत त्यानं एकदा, एकदाच, तू होतीस म्हणून झालं, असं कुणाकरवी तरी कळवलं असतं! जागेचं काय, जागा गेली तरी गेली. पण ती गेल्यावर आपण तिथे इतकी वर्षं होतो हे कुणाच्या ध्यानात तरी राहील का, हेच तिला कळत नव्हतं.

* * *

दुसऱ्या दिवशी ती बनापर्यंत पोहोचली आणि मागून चपलांचा फटफटाट ऐकू आला.

"थांब गं! केवढी भराभर चालतेस! म्हातारी आहेस की शेळी?"

ओफेइना येत होती. एका हातात विजेरी, दुसऱ्या हातात बिस्किटांचा पुडा, अंगात लालभडक झगा.

"ताई, तो लाल झगा."

"चांगला आहे ना? नातीनं दिला."

"पक्षी उडेल."

"मग काय काढून बसू?"

लेसिएलीनं आपल्या खांद्यावरचं करडं फडकं तिच्या अंगावर टाकलं. दोघी खडकावर टेकल्या. ओफेइनाला खाली बसायला बराच वेळ लागला. आधी एक हात, मग दुसरा, मग गुडघा हळूच दुमडून, दात आवळून. लेसिएलीनं ते पाहिलं.

"कुठाय तो?"

"हळू. कपारीत. पांढरा."

"मला नुसते दगडच दिसतात."

लेसिएलीनं कॅमेरा तिच्या हातात दिला. "डावा डोळा मिट. अगं, तो उजवा. हं. आता काही शोधू नकोस. नुसतं बघ. तो आपोआप सापडतो."

ओफेइना बघत राहिली. बराच वेळ तिचं तोंड बंद होतं, म्हणजे नवलच. मग ती अगदी बारीक आवाजात म्हणाली, "अगंबाई! श्वास घेतोय."

"हो."

"पोट हलतंय त्याचं. आणि दुसरा कुठाय?"

"समुद्रावर. आज-उद्या येईल. आला की हा उठणार. पण लगेच उठत नाही. बसलेल्याला वाटतं अंडं आपलंच. मग आलेला त्याला चोचीनं ढोसतो, अंगाखाली शिरतो."

ओफेइनानं कॅमेरा खाली घेतला. "म्हणजे मी ढोसायला आलेय म्हण की."

"मी पक्ष्याबद्दल बोलतेय."

"मीही पक्ष्याबद्दलच बोलतेय."

लेसिएलीला हसू आलं आणि ते तिनं आवरलं नाही. ऊन कपारीच्या कडेला लागलं. बनापलीकडे नेहमीसारखं एकदा कुणीतरी खोकलं.

"लेसी," ओफेइना म्हणाली. आई गेल्यापासून या नावानं तिला कुणी हाक मारली नव्हती. "सिडनीत मी काय करते ठाऊक आहे?"

"म्हाताऱ्यांच्या आश्रमात आहेस ना."

"आहे म्हणजे, त्यांना न्हाऊ घालते. कपडे बदलते. भली माणसं आहेत. पण तिथे मी ओफेइनाही नाही. त्यांना जमत नाही म्हणतात. ओफी. सगळे ओफी म्हणतात. माझी पोरंही त्यांच्यादेखत मला ओफी म्हणतात, गंमत म्हणून." तिनं बिस्किटाचा पुडा फोडला आणि एकही बिस्कीट काढलं नाही. "उद्या ती येताहेत. पोरं, सुना, नातवंडं. त्यांनी कधी पाहिलंच नाही गं. आपली आई कोण आहे ते. एकदा त्यांनी पाहावं, की हिच्यापुढे माणसं वाकतात. एकदाच. मग तुझी जागा तुला. मी काही इथे राहायला आले नाही."

लेसिएली समुद्राकडे पाहत होती.

"आणि खरं सांगू?" ओफेइना म्हणाली. "मला भीतीही वाटते. इतका वेळ मांडी घालून बसणार कशी? हे गुडघे. सगळ्यांसमोर कलंडले तर?"

तेवढ्यात समुद्रावरून कर्कश आवाज आला. दुसरा तावाके! तो कड्यावरून एक चक्कर मारून गेला, पुन्हा आला. त्याच्या शेपटीचं एक पीस मध्येच तुटलेलं होतं. लेसिएलीनं कॅमेऱ्यासाठी हात पुढे केला, पण ओफेइनानं तो केव्हाच डोळ्याला लावला होता आणि उभी राहण्याच्या धडपडीत ती कळ दाबतच होती. फडकं घसरलं. लाल झगा उन्हात पेटला. पक्ष्यानं हवेतच वळण घेतलं आणि तो समुद्रावर निघून गेला.

"गेला," ओफेइना म्हणाली. "माझ्यामुळे गेला."

"येईल परत. दाखव काय काढलंस."

फोटो वाकडे होते. एकात ओफेइनाचं बोट, एकात नुसतं आभाळ. तिसऱ्यात एका कडेला तावाकेची तुटकी शेपटी होती, आणि उरलेल्या चौकटीत कड्याचा पलीकडचा भाग, बनाच्या मागचा, त्यांच्या खडकावरून एरवी न दिसणारा. तिथे एका खालच्या दगडावर कुणीतरी बसलं होतं. त्यांच्याकडे पाठ, समुद्राकडे तोंड. कमरेला बेटावरच्या रीतीप्रमाणे गुंडाळलेली जुनी चटई, खांदे रुंद.

दोघींनी एकदमच ओळखलं.

"हा इथे काय करतोय?" ओफेइना कुजबुजली.

लेसिएलीच्या डोळ्यांपुढून आठवडाभराच्या सकाळी गेल्या. रोज एकदा खोकणारा मासेमार. तो जाळं घेऊन कधी खाली उतरताना दिसला नव्हता. ताई, मी इथे आहे, एवढंच तो सांगत होता. आणि ती तिथे आहे म्हणून पाठ फिरवून, लांब जाऊन बसत होता. घरातल्या गलक्यातून त्यालाही कुठेतरी जायचं होतं. एवढ्या मोठ्या बेटावर त्यानंही हाच कडा निवडावा!

"चल," ती हळूच म्हणाली.

"कुठे?"

"घरी. त्याला बसू दे."

ओफेइनानं पुढे काही विचारलं नाही. सिडनीत कितीही वर्षं काढली तरी एवढं तिला कळत होतं. विजेरी, चपला आणि बिस्किटं घेऊन दोन म्हाताऱ्या बहिणी आवाज न करता बनातून परतल्या.

* * *

शुक्रवारी सकाळी लेसिएली कड्यावर गेली नाही. जागी होती, पण अंथरुणात पडून राहिली. एक दिवस त्याला एकट्याला मिळू दे.

पोरींना हे नवंच होतं. "आत्या आज घरी!" म्हणत त्या कॅमेऱ्याभोवती जमल्या, आणि तिनं त्यांना एकेक फोटो दाखवला. पोरींनी घाई केली की ती एकच प्रश्न विचारायची, "यात काय दिसतं?" आणि मूल तीन गोष्टी सांगेपर्यंत पुढचा फोटो आणायची नाही. तिसरा वाकडा फोटो मात्र तिनं कुणाला दाखवला नाही.

लुपे भट्टीसाठी अळूची पानं निवडायला बसली. "आज सगळं उलटंच," ती म्हणाली. "तुम्ही घरी आणि हेही घरी. रोज कड्यावर जाऊन बसतात ना हे. आज म्हणाले, नको, काल ताई लवकरच परतल्या, त्यांना कळलंय वाटतं मी असतो ते, त्यांचं कशाला मोडू? झोपडीच्या मागे बसून राहिलेत मघापासून नारळाच्या झावळ्या चिरत."

लेसिएलीनं पानाचं देठ मोडलं. आज तिथे कुणीच नव्हतं तर. ती त्याच्यासाठी गेली नाही आणि तो तिच्यासाठी. कड्यावर ऊन आलं असेल, लाटा फुटल्या असतील, तुटक्या शेपटीचा परतला असेल तर तोही आला असेल, आणि बघायला चिटपाखरू नाही. तिला आधी चुटपुट लागली. मग त्या चुटपुटीच्या खालून काहीतरी ऊबदार वर आलं.

संध्याकाळी केपूकाका आले तेव्हा ओफेइनाची पोरं, सुना, नातवंडं विमानतळावरून येऊन अंगणात दाटीवाटीनं बसली होती. कुणाच्या कानाला वायरी, कुणाच्या डोळ्यांना काळे चष्मे. काका लेसिएलीपाशी वाकले. "बाई, सांगा आता. घसा शेकून ठेवलाय."

"ओफेइनाचं नाव घ्या," लेसिएली म्हणाली. हळू नव्हे, वर्गात शेवटच्या बाकापर्यंत जायचा तेवढा आवाज.

लाविनियाचा चेहरा पडला. "आत्या!"

"इकडे ये. तुझ्या लग्नात मी कुठे जाणार नाही. फक्त थोडी सरकून बसणार आहे."

"मी तुला तसं काही म्हटलं नव्हतं हं," ओफेइना गडबडून म्हणाली.

"नाही ना. तू पक्ष्याबद्दल बोलत होतीस."

कोपऱ्यावर नेताने लाकडं रचत होता. त्यानं ऐकलं असणार. त्याचा हात क्षणभर थांबला आणि मग लाकडावर लाकूड पडल्याचा आवाज पुन्हा सुरू झाला. तेवढंच.

* * *

शनिवारी केपूकाकांनी हाक दिली ती खाडीपलीकडे ऐकू गेली असेल. ओफेइना कमरेभोवती भली मोठी चटई गुंडाळून चालत आली तेव्हा हाआपाईची माणसं खाली वाकली, लाविनिया वाकली, दांडगा नेतानेही वाकला. ओफेइनाच्या मोठ्या मुलानं काळा चष्मा काढला. नात आईला विचारत होती, "आजीला सगळे असं का करतात?"

चटया येऊ लागल्या, एकीवर एक. ओफेइना मान न वळवता पुटपुटली, "आईची चटई कुठाय?"

"सापडत नाही," लुपे कानाशी म्हणाली. तिचं तोंड उतरलं होतं. "काल दोरीवर होती. देवाशप्पथ, वन्सं."

ओफेइनानं एकदा भावाकडे आणि मग लेसिएलीकडे पाहिलं. "असू दे," ती म्हणाली. "शोधू नका."

भाषणं लांबली. फाहूच्या कपाळावर घाम दिसू लागला. तिचा एक हात चटईवर टेकला, मग दुसरा. लेसिएली कॅमेरा घेऊन कडेकडेनं फिरत होती. तिनं ते चौकटीत पाहिलं. फोटो न काढताच ती वळली, गठ्ठ्यांच्या मागून गेली आणि ओफेइनाच्या पाठीला पाठ लावून बसली. समोरून ती कुणाला दिसत नव्हती.

"टेक," ती म्हणाली.

थोडा वेळ ती पाठ ताठ राहिली. मग हळूहळू तिचं सगळं वजन लेसिएलीवर आलं.

"जड आहे गं मी," ओफेइना ओठ न हलवता म्हणाली.

"मेंढीचं मटण कमी खा."

पाठीतून हसण्याचा हादरा आला. लेसिएलीनं कॅमेरा उचलला. तिथून तिला नवरी दिसत नव्हती, भाषण करणारे दिसत नव्हते. मांडवाच्या मागची पोरं, राखेत झोपलेलं कुत्रं, भट्टीवरची वाफ आणि तिच्यापलीकडे थोडा समुद्र दिसत होता. तिनं तेवढ्याचे फोटो काढले.

* * *

रविवारी सगळे चर्चला गेले. त्या दिवशी कॅमेऱ्याला हात लावायचा प्रश्नच नव्हता. सोमवारी उजाडायच्या आत लेसिएली पडवीतल्या झोपलेल्या नातवंडांना ओलांडून बाहेर पडली.

बनातून ती कड्यावर निघाली आणि थबकली.

तिच्या खडकावर नारळाच्या झावळ्यांची हिरवी, ताजी विणलेली चटई अंथरली होती, दवाचा ओलावा वर येऊ नये म्हणून दुहेरी. आणि तिच्यावर, घडीच्या रेषा हातानं साफ करून, मधाच्या रंगाची, कापडासारखी मऊ चटई. आईची. वाऱ्यानं उडू नये म्हणून चारी कोपऱ्यांवर एकेक गोटा.

मग तिनं चपला काढल्या, कमरेचं फडकं नीट केलं आणि मांडवात फाहू म्हणून बसायची तशी ताठ, पाय दुमडून बसली.

कपारीत तावाके होता. तिनं कॅमेरा उचलला आणि पाहिलं. शेपटीचं एक पीस तुटलेलं. म्हणजे बदल होऊन गेला होता, कुणी पाहत नसताना. तिनं कॅमेरा मांडीवर ठेवला.

बनापलीकडे खोकल्याचा आवाज आला. मग झाडपाला वाजला. तो निघाला होता, लांबच्या त्या दगडाकडे.

लेसिएलीनं मान वळवली नाही. ती तावाकेकडे पाहून बोलली, वर्गात शेवटच्या बाकापर्यंत जायचा तेवढ्या आवाजात.

"बस रे बाबा. लांब कशाला जातोस? दोघांना पुरेल एवढा कडा आहे."

झाडपाला थांबला. लाट आली आणि गेली. मग बनाच्या अलीकडच्याच बाजूला, तिच्या पाठीमागे, कुणीतरी जड माणूस सावकाश खाली बसल्याचा आवाज झाला.

तावाकेनं एक डोळा उघडला, दोघांकडे पाहिलं आणि मिटला.